रात्रीत फोडलेल्या ईव्हीचा खर्च नेमका कोणाच्या खिशातून जातो?

बिबवेवाडी, येरवडा, सहकारनगर, वारजे, थेरगाव. पुणे परिसरातल्या वस्तीचं नाव बदलतं, बातमी तीच राहते. मध्यरात्री दुचाक्यांवरून टोळकं येतं, कोयते आणि दांडकी फिरवतं, रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडतं आणि 'इथले भाई आम्हीच' असं ओरडत निघून जातं. दोन दिवसांनी पोलीस आरोपींची त्याच रस्त्यावरून धिंड काढतात, तिचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो आणि गावाच्या दृष्टीने विषय संपतो. गाडीमालकाचा विषय तिथून सुरू होतो.

त्या फुटलेल्या रांगेत आता हिरव्या पाटीच्या गाड्याही, म्हणजे विजेवर चालणाऱ्या ईव्ही, दिसू लागल्या आहेत. त्यांच्याबद्दल दोन समजुती पक्क्या बसल्या आहेत. एक, ईव्ही फुटली म्हणजे बॅटरी गेली आणि बॅटरी गेली म्हणजे गाडीच गेली. दुसरी, असल्या गुंडगिरीचे पैसे विमा कंपनी देत नाही. दुसरी समजूत चुकीची आहे आणि पहिली बहुतेक वेळा चुकीची आहे. खरा फटका तिसऱ्याच ठिकाणी बसतो: पॉलिसीतल्या घसाऱ्याच्या तक्त्यात आणि नो क्लेम बोनसमध्ये. तिकडे लक्ष जातं ते सहसा बिल हातात पडल्यावर.

आधी एक शंका मिटवून टाकू. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेत टेस्लाच्या गाड्यांवर राग निघाला होता. इलॉन मस्क यांच्या सरकारातल्या भूमिकेवरून निदर्शनं झाली, गाड्यांवर ओरखडे ओढले गेले, आणि १८ मार्चला लास वेगासमधल्या टेस्लाच्या दुरुस्ती केंद्रात गाड्या पेटवल्या गेल्या. तिथे गाडीची कंपनी बघून हल्ला झाला. पुण्यातला कोयता पाटीचा रंग बघून फिरत नाही, समोर येईल ती गाडी फोडतो. त्यामुळे 'ईव्ही घेतली म्हणून जास्त धोका' असं इथे म्हणता येणार नाही. धोका सारखाच आहे. फरक पडतो तो दुरुस्तीत.

## तोडफोड विम्यात बसते का?

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा. मोटार वाहन कायद्याने हा सक्तीचा आहे. दुसरा ओन डॅमेज, बोलीभाषेत ओडी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा. हा ऐच्छिक आहे. दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीला लोक फुल इन्शुरन्स किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात.

तोडफोडीचे पैसे मिळतात ते फक्त ओडी भागातून. त्यात कोणकोणत्या कारणांनी झालेलं नुकसान धरलं जातं याची यादी पॉलिसीत छापलेली असते: आग, चोरी, पूर, भूकंप, दरड, अपघात, दंगल आणि संप, दहशतवादी कृत्य, आणि त्याच यादीत दुष्ट हेतूने केलेलं कृत्य. कोयता टोळी या शेवटच्या कलमात बसते. बंद किंवा आंदोलन चिघळून जाळपोळ झाली तर ते दंगल आणि संपाच्या कलमात जातं. ३० जुलै २०१८ रोजी चाकणमध्ये आंदोलनादरम्यान बसगाड्या जाळल्या गेल्या, तशा प्रसंगासाठी हे कलम आहे. (त्याच चाकणमध्ये आज महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या ईव्ही तयार होतात.)

गोची होते ती नुसत्या थर्ड पार्टीवर गाडी चालवणाऱ्यांची. नव्या कारचा थर्ड पार्टी विमा २०१८पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, ओडी मात्र वर्षाचाही घेता येतो. दुसऱ्या वर्षी 'विमा आहेच की' असं समजून ओडीचं नूतनीकरण राहून गेलं, तर कागदावर विमा चालू दिसतो आणि फुटलेल्या काचेला त्याचा काहीच उपयोग होत नाही. आपल्या पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या अंतिम तारखा आहेत का, हे आजच बघून ठेवा.

थर्ड पार्टीच्या बाबतीत ईव्हीला सवलतही आहे. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांनुसार मोटरची ताकद ३० किलोवॉटपर्यंत असलेल्या खासगी इलेक्ट्रिक कारला १,७८० रुपये, ३० ते ६५ किलोवॉटला २,९०४ रुपये आणि त्यावरच्या गाडीला ६,७१२ रुपये लागतात. त्याच गटातल्या पेट्रोल गाड्यांपेक्षा हे १५ टक्क्यांनी कमी आहेत. ओडीच्या प्रीमियमला मात्र असा सरकारी दर नाही, तो प्रत्येक विमा कंपनी आपापला ठरवते.

## मग ईव्हीत वेगळं काय फुटतं?

उभ्या गाडीवर माणूस दांडकं घेऊन येतो तेव्हा त्याचा हात कुठे पडतो? पुढची-मागची काच, दारांच्या काचा, आरसे, दिवे, बोनेट. टायर फाडतो, पत्र्यावर ओरखडा ओढतो. या यादीत विजेवर चालणारं असं जवळजवळ काहीच नाही. मोटर बोनेटखाली किंवा मागच्या आसाखाली असते, बॅटरी तळाला, जाड कवचात.

तरीही बिल जास्त येतं, आणि त्याची कारणं तीन आहेत.

पहिलं कारण, या गाड्या नव्या आहेत. बऱ्याच नव्या ईव्हींना पुढून-मागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी दिव्यांची पट्टी असते. जुन्या हॅचबॅकचा एक दिवा फुटला तर एक दिवा बदलायचा. इथे मधोमध तडा गेला तरी अख्खा भाग बदलावा लागू शकतो. पुढच्या काचेवर आतून कॅमेरा लावलेला असतो, लेन सोडली की इशारा देणारा आणि आपोआप ब्रेक लावणारा. या सगळ्या यंत्रणेला एडास म्हणतात. काच बदलली की कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. आरशात कॅमेरा, दाराचं हँडल पत्र्यात लपणारं, छत काचेचं. खरं बोलायचं तर यातलं काहीही ईव्हीचं म्हणून नाही. वरच्या किमतीच्या पेट्रोल गाडीतही हेच असतं. पण ईव्ही जवळजवळ सगळ्या याच पिढीतल्या असल्याने दोष विजेच्या माथी येतो.

दुसरं कारण, सुटे भाग आणि कारागीर. दहा वर्षं रस्त्यावर असलेल्या पेट्रोल गाडीचा आरसा नाना पेठेत फेरी मारली तर तीन-चार भावांत मिळतो: कंपनीचा, दुसऱ्या कंपनीचा, आणि जुन्या गाडीतून काढलेला. दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या ईव्हीचा आरसा कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच मिळतो, म्हणजे भाव एकच, आणि माल नसेल तर थांबा. घासाघीस करायला जागाच नाही.

तिसरं कारण मात्र खरंच ईव्हीचं आहे. या गाड्यांत साधारण तीनशे-चारशे व्होल्टची यंत्रणा असते, आणि तिच्या केबल ओळखू याव्यात म्हणून नारिंगी रंगाच्या असतात. पत्र्याचं मोठं काम, वेल्डिंग किंवा चार्जिंग पोर्टजवळचं काम करायचं तर आधी ही यंत्रणा प्रशिक्षित माणसाकडून बंद करून घ्यावी लागते, साठलेला भार उतरेपर्यंत थांबावं लागतं, काम झाल्यावर गळती तपासावी लागते. रंगकामातही हेच. रंग वाळवायला गाडी साठ-सत्तर अंशांच्या बूथमध्ये ठेवण्याची पद्धत आहे, आणि लिथियम-आयन बॅटरीला अशी उष्णता फार वेळ मानवत नाही. म्हणून कंपन्या तापमानावर आणि वेळेवर मर्यादा घालतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने 'करून देतो साहेब' म्हटलं, तर काच आणि बंपरपुरतं ठीक आहे. त्यापुढे त्याच्या हातात गाडी देऊ नये, त्याचं कसब कितीही चांगलं असलं तरी.

ब्रिटनमधल्या थॅचम रिसर्च या संस्थेने २०२३ साली असा हिशेब मांडला होता की ईव्हीची दुरुस्ती पेट्रोल-डिझेल गाडीपेक्षा सुमारे २५.५ टक्के महाग पडते आणि वेळ सुमारे १४ टक्के जास्त लागतो. हा आकडा आपल्याकडे बिनधास्त फेकला जातो. पण तो तिकडच्या अपघातांच्या दाव्यांचा आहे, तिकडच्या मजुरीचा आहे. अपघातात गाडीचा सांगाडा वाकतो, तळाला मार लागतो. तोडफोडीत सहसा तसं होत नाही. त्यामुळे फुटलेल्या काचेच्या अंदाजपत्रकाला हा आकडा लावू नका.

## काच कंपनीची, दिवा निम्मा तुमचा

आता मुख्य गोष्ट. क्लेम मंजूर झाला म्हणजे पूर्ण बिल मिळालं असं नसतं. नव्या भागाच्या किमतीतून विमा कंपनी घसारा कापते, म्हणजे 'तुमचा भाग जुना होता, आम्ही नव्याचे पूर्ण पैसे का द्यावेत' याची वजावट. साध्या पॉलिसीत हा तक्ता ठरलेला आहे. काचेवर घसारा शून्य. फायबरवर ३० टक्के. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, गाडी काल घेतलेली असली तरी. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, एक ते दोन वर्षांच्या गाडीला १० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. रंगाच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात.

हा तक्ता २००२च्या दरपत्रकातला. तेव्हा गाडीचे दिवे वेगळे होते आणि बॅटरी म्हणजे बोनेटखालचा ॲसिडचा डबा. आज दिव्यांची ती लांबलचक पट्टी, पुढचं तोंड, बंपर, आरशाचं कवच हे सगळं प्लास्टिक. म्हणजे गाडी जितकी आधुनिक दिसते, तितका तिचा चेहरा ५० टक्क्यांच्या रकान्यात जातो. फुटलेल्या पुढच्या काचेचे पूर्ण पैसे मिळतात आणि शेजारच्या फुटलेल्या दिव्याचे निम्मे.

यावर उपाय आहे तो झिरो डेप हा जोड-विमा. थोडा जास्त प्रीमियम भरला की बहुतेक भागांवर ही घसाऱ्याची कपात होत नाही. साधारण पाच-सात वर्षांपर्यंतच्या गाडीला तो मिळतो आणि वर्षात किती वेळा वापरता येईल यावर बहुतेक कंपन्या मर्यादा घालतात. माझं स्पष्ट मत आहे की रस्त्यावर लावाव्या लागणाऱ्या ईव्हीला झिरो डेप नसणं हा खोटा काटकसरीपणा आहे. पॉलिसी विकणारा इंजिन प्रोटेक्टही सुचवतो, कारण त्याच्या यादीत ते आधीपासून टिकमार्क केलेलं असतं. ईव्हीला इंजिन नाही, हे त्याला सांगायला लाजू नका. त्याऐवजी मोटर आणि हाय-व्होल्टेज बॅटरीसाठीचं कव्हर आहे का ते विचारा.

घसाऱ्याशिवाय दर क्लेममागे एक ठरावीक रक्कम तुम्हीच भरायची असते, तिला कंपल्सरी डिडक्टिबल म्हणतात. लहान कारला १,००० आणि मोठ्या कारला २,००० रुपये. झिरो डेप असला तरी ही भरावीच लागते.

## आणि बॅटरी?

बॅटरी गाडीतला सगळ्यात महाग भाग आहे हे खरं. २०२४मध्ये जगभरात बॅटरी पॅकची सरासरी किंमत किलोवॉट-तासाला सुमारे ११५ डॉलर होती. त्या भावाने ४० किलोवॉट-तासांचा पॅक कारखान्यालाच जवळपास चार लाख रुपयांना पडतो, आणि सुटा भाग म्हणून घ्यायला गेलं तर त्याहून महाग. म्हणून भीती वाटणं साहजिक आहे.

पण ही बॅटरी फोडायला गाडीखाली झोपून हातोडा चालवावा लागेल. तिच्यावर कंपनांपासून आगीपर्यंत चाचण्या होतात. मार्च २०२२मध्ये आपल्याच लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, देशात आणखीही काही ठिकाणी तसंच झालं, आणि त्यानंतर एआयएस १५६ आणि एआयएस ०३८ ही सुरक्षा मानकं कडक करण्यात आली. त्या प्रकरणांत दोष बॅटरीच्या आतला होता. बाहेरून मारलेल्या दांडक्याशी त्याचा संबंध नाही.

तोडफोडीत बॅटरीच्या वाटेला जाणारी एकच जागा खरी नाजूक आहे: चार्जिंग पोर्ट. झाकण तोडून आत दगड किंवा पहार घातली, तर पोर्ट आणि त्याची नारिंगी केबल एकत्र बदलावी लागू शकते. पोर्टच्या आसपास मार दिसला तर 'चालतंय का बघू' म्हणून चार्जर लावू नये. आणि आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची बॅटरी वॉरंटी इथे कामाची नाही. वॉरंटी आतल्या दोषासाठी असते, बाहेरच्या माराला ती लागत नाही.

झिरो डेप घेताना एक प्रश्न लेखी विचारावा: यात हाय-व्होल्टेज बॅटरी धरली आहे का? तोंडी 'हो हो, सगळं येतं' याला क्लेमच्या दिवशी किंमत नसते. बॅटरी भाड्याने घेतलेल्या गाड्यांना हा प्रश्न दुप्पट लागू होतो. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४मध्ये आली तेव्हा ९.९९ लाख रुपये आणि वर किलोमीटरमागे साडेतीन रुपये बॅटरी-भाडं अशी योजना होती. अशा गाडीची विम्यातली किंमत बॅटरीसकट धरली आहे की बॅटरीशिवाय, हे पॉलिसीवर आणि बॅटरीच्या करारावर, दोन्हीकडे ताडून बघा.

## क्लेम करावा की खिशातून भरावं?

इथे नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, समजून घ्यावा लागतो. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी ओडी प्रीमियमवर २० टक्के सूट, सलग दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सापशिडी आहे, पण हिच्यात साप एकच आहे आणि तो कुठल्याही घरातून थेट शून्यावर आणतो. क्लेम पाच हजारांचा असो की पाच लाखांचा.

एक कल्पित हिशेब करू. समजा तुमच्या ईव्हीचा सूट वगळून ओडी प्रीमियम २०,००० रुपये आहे आणि तुम्ही ३५ टक्क्यांच्या पायरीवर आहात. रात्री तोडफोड झाली. दोन दारांच्या काचा ९,०००, आरसा ८,०००, रंगकाम ८,०००, इतर मजुरी ३,०००, एकूण बिल २८,०००. झिरो डेप नाही. काचेचे पूर्ण ९,००० मिळतील. आरसा बहुतेक प्लास्टिकचा, त्याचे ४,०००. रंगकामाच्या बिलातले २,००० मालाचे, त्यातले निम्मे कापून ७,०००. मजुरी ३,०००. झाले २३,०००, त्यातून डिडक्टिबलचे हजार गेले. हातात २२,०००.

आता दुसरी बाजू. क्लेम केला नसता तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट मिळाली असती आणि नंतर दरवर्षी ५०. क्लेम केला म्हणून ती शून्य, मग २०, २५, ३५, ४५ अशी चढेल. दरवर्षीचा फरक धरला तर ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के. बेरीज १२० टक्के, म्हणजे २०,००० रुपयांच्या प्रीमियमवर पाच वर्षांत २४,००० रुपये. मिळाले २२,००० आणि गेले २४,०००! गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा प्रीमियमही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा थोडा कमी भरेल. उलट प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी असतो, तो या हिशेबात धरलेला नाही. सारांश काय, २८,००० रुपयांच्या बिलापाशी तुम्ही काठावर आहात. बिल ८-१० हजारांचं असेल तर खिशातून भरा. ५० हजारांच्या वर गेलं तर डोळे झाकून क्लेम करा. मधल्या पट्ट्यात स्वतःचे आकडे घालून हीच बेरीज करा, दहा मिनिटांचं काम आहे.

एनसीबी वाचवणारा जोड-विमाही मिळतो, त्यात एखादा क्लेम झाला तरी सूट टिकते. वरच्या पायरीवर असणाऱ्यांना तो परवडतो. आणखी एक, एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी पेट्रोल कार विकून ईव्ही घेतली असेल तर तिच्यावर साठलेली सूट नव्या कारला लावून घेता येते. शोरूममध्ये घाईघाईत पॉलिसी काढताना हे बऱ्याचदा राहून जातं.

## वस्तीत तोडफोड वाढली तर प्रीमियम वाढतो?

सरळसरळ नाही. जुन्या दरपत्रकात देशाचे दोन भाग होते: अ विभागात आठ शहरं, त्यात पुणे, आणि बाकी सगळा देश ब विभागात. २००७पासून ओडीचे दर कंपन्यांच्या हाती गेले, तरी गाडी कुठल्या आरटीओत नोंदली आहे हे अजून बघितलं जातं. एमएच १२ म्हटलं की बाणेरची गाडी आणि बिबवेवाडीची गाडी एकाच पारड्यात. याला न्याय म्हणा किंवा अन्याय, पण तोडफोडीचा भार असा शहरभर पसरतो.

ईव्हीचा ओडी प्रीमियम जास्त दिसतो त्याचं मुख्य कारण गाडीची किंमत. विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, जास्त असली की प्रीमियम जास्त. त्यात मॉडेल नवं असेल तर सुटे भाग किती महाग आणि वर्कशॉप किती कमी, हेही कंपनी मोजते. दोन कंपन्यांच्या दरांत बराच फरक पडतो तो इथेच. तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी तीन-चार ठिकाणी भाव विचारा, पण आयडीव्ही सारखी ठेवून. एखादा कमी भाव सांगतो तेव्हा त्याने आयडीव्ही खाली आणलेली असू शकते.

## गाडी पेटवली तर

हा सगळ्यात वाईट प्रसंग, आणि इथे बॅटरीचा मुद्दा खरा ठरतो. बोनेटवर किंवा सीटवर पेट्रोल ओतून गाडी पेटवली, वेळेत विझली आणि बॅटरी वरवर ठीक दिसली, तरी तिला झळ लागली आहे का हे ठरवणं अवघड असतं. झळ लागलेली लिथियम बॅटरी विझल्यानंतर काही काळाने पुन्हा पेटू शकते. म्हणून अशी गाडी वर्कशॉपमध्ये इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर ठेवतात. पार्किंगमध्ये शेजाऱ्याच्या गाडीला खेटून तशीच ठेवून देऊ नका.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरतात आणि आयडीव्हीइतकी रक्कम देऊन प्रकरण मिटवतात. बॅटरी बदलायची वेळ आली तर ईव्ही ही रेषा पेट्रोल गाडीपेक्षा लवकर ओलांडते. १५ लाखांची गाडी तिसऱ्या वर्षात असेल तर आयडीव्ही ३० टक्के उतरून साडेदहा लाख होते आणि रेषा येते सुमारे ७ लाख ८७ हजारांवर. बॅटरी, अंतर्भाग आणि रंग मिळून तिथे पोचणं कठीण नाही. कर्ज त्याहून जास्त बाकी असेल तर वरचा फरक तुमच्या गळ्यात. रिटर्न टू इन्व्हॉइस नावाचा जोड-विमा अशा वेळी बिलावरची मूळ किंमत देतो. कर्जावर घेतलेल्या नव्या ईव्हीला पहिली तीन वर्षं तो असावा, असं मला वाटतं.

## चार्जर गाडीचा की घराचा?

भिंतीवरचा चार्जर गाडीचा भाग नाही. गाडीच्या पॉलिसीत तो धरायचा तर वेगळा जोड-विमा लागतो. गाडीबरोबर मिळालेली केबलही पॉलिसीत नाव घेऊन लिहिलेली बरी, तांब्याला भाव असतो आणि चोरांना तो माहीत असतो. घराचा विमा असेल तर तिथे विचारा. २०२१पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या भारत गृह रक्षा पॉलिसीत दंगल, संप आणि हेतुपुरस्सर केलेलं नुकसान धरलेलं आहे. सोसायटीने बसवलेला सामायिक चार्जर सोसायटीच्या पॉलिसीत नोंदवायचा. तो कोणाचा यावर सर्वसाधारण सभेत दोन तास घालवण्यापेक्षा हे आधी उरकावं.

## सकाळी गाडी फुटलेली दिसली तर

काही हलवण्याआधी चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढा, आजूबाजूच्या फुटलेल्या गाड्याही त्यात येऊ द्या. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. काही ईव्हींचे कॅमेरे गाडी उभी असतानाही चित्रण करतात, ते चित्रण पुसलं जाण्याआधी काढून घ्या.

मग पोलीस चौकी. किरकोळ नुकसान असेल तर अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, हातात देऊन बोळवण होते. इथे आकडा महत्त्वाचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४नुसार नुकसान २०,००० ते १ लाख रुपये असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि १ लाखाच्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ईव्हीची पुढची काच, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन आणि दिव्यांची पट्टी मिळून लाखाच्या आसपास जाऊ शकतात. म्हणून अधिकृत वर्कशॉपचं अंदाजपत्रक घेऊन ते तक्रारीला जोडा. 'अंदाजे दहा हजार' असं घाईत लिहून देऊ नका. आरोपी सापडले आणि विमा कंपनीने तुम्हाला पैसे दिले असतील, तर त्यांच्याकडून वसुलीचा हक्क कंपनीकडे जातो. त्या भरपाईची वाट बघत दुरुस्ती थांबवण्यात अर्थ नाही, आरोपींत अल्पवयीन पोरं असतात तेव्हा तर नाहीच.

पावसाळ्यात फुटलेली खिडकी त्याच तासाला प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करा. काच फुटली ते तोडफोडीचं नुकसान. त्यानंतर चार दिवस पाणी आत जाऊन स्क्रीन किंवा वायरिंग गेलं, तर कंपनी त्याला तुमचा निष्काळजीपणा म्हणू शकते आणि ते पैसे अडतात. गाडी न्यायची असेल तर चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड क्रेन मागवा. ईव्हीची चाकं मोटरला जोडलेली असतात, त्यामुळे तिला जमिनीवरून ओढत नेलं तर धडधाकट मोटरचं नुकसान होतं.

गॅरेजमध्ये कोणीतरी हळूच सुचवेल, 'मागच्या बंपरचा जुना डेंटही यातच काढून घेऊ का?' नको. कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा ताज्या ओरखड्याखालचा चमकता पत्रा आणि जुन्या ओरखड्यात बसलेली धूळ त्याला लगेच वेगळी दिसते, आणि मग खऱ्या नुकसानीच्या बिलाकडेही तो संशयाने बघू लागतो. जुना डेंट वेगळा क्लेम म्हणून दाखवायचा तर त्याचा डिडक्टिबल वेगळा, तारीख वेगळी आणि कारणही वेगळं सांगावं लागेल.